बुरशी मारायची की जगवायची?

दिरांबरोबर सामाईक शेती कसणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यातला मजकूर थोडक्यात असा: हरभऱ्याच्या एका तुकड्यात तीन वर्षांपासून जागोजागी झाडं वाळतात आणि वाळलेला पट्टा दर वर्षी थोडा पसरतो. दिरांचं म्हणणं, जमिनीत बुरशी माजली आहे, पेरणीआधी सगळ्या रानाला बुरशीनाशकाची आळवणी करून टाकू, म्हणजे औषधाचं पाणी जमिनीत पाजू. कृषी शाखेत शिकणारी मुलगी म्हणते, तसं केलं तर मित्रबुरशीही मरेल, त्यापेक्षा मायकोरायझा, म्हणजे मुळांत राहून झाडाला मदत करणारी बुरशी, टाका. त्याची दोन पाकिटं तिने आणूनही ठेवली आहेत. घरात यावरून रोज वाद होतो. “उपटलेल्या झाडांच्या बुंध्याशी कधीकधी पांढरे तंतू दिसतात, ती कोणती बुरशी? चांगली कोणती आणि वाईट कोणती, हे एकदा सरळ सांगा, म्हणजे एक मारू आणि दुसरी वाढवू. आणि या तुकड्यातला हरभरा बियाण्याला ठेवला तर चालेल का?”

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात भाऊजींचं म्हणणं आहे, मुलीचं म्हणणं आहे, पण वाळलेलं झाड उभं चिरल्यावर आत काय दिसलं, हे कुठेच नाही. दोघांनीही रोग ठरायच्या आधी औषध ठरवलं आहे. म्हणून माझी पहिली विनंती अशी की आळवणी आणि पाकिटं हे दोन्ही विषय थोडे दिवस बाजूला ठेवा. झाड कसं बघायचं ते पुढे सविस्तर सांगते.

त्याआधी तुम्ही मागितलेल्या यादीबद्दल. चांगल्या-वाईट बुरशींची यादी देता येते, पण ती तुम्हाला फसवेल. हरभऱ्याला मर, म्हणजे उभं झाड वाळवणारा रोग, लावते ती फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी. नाव वाईटाच्या रकान्यात टाकून मोकळं व्हावं असं वाटेल. पण याच जातीचे कितीतरी प्रकार मातीत आणि मुळांवर कुणाला त्रास न देता राहतात. फ्रान्समधल्या शातोरनार इथल्या जमिनीत फ्युजेरियमची मर फारशी पसरतच नाही असं लक्षात आलं, आणि तिथल्याच मातीतून याच जातीचा एक निरुपद्रवी प्रकार वेगळा काढला गेला. ‘एफओ ४७’ या नावाने तो ओळखला जातो आणि आपल्याच रोगकारक भावंडांना रोखायला त्याचा वापर होतो. तेव्हा प्रयोगशाळेच्या अहवालात नुसतं ‘फ्युजेरियम आढळलं’ असं लिहून आलं तरी झाड त्यानेच मेलं असं सिद्ध होत नाही.

उलट बाजूही तशीच आहे. ट्रायकोडर्मा ही बुरशी दुसऱ्या बुरशींच्या तंतूंना वेढे घालून, त्यांच्या भित्तिका विरघळवून त्यांच्यावर जगते, म्हणून आपण तिला मित्र म्हणतो. पण प्रयोगशाळेत ती मायकोरायझाच्या तंतूंवरही चालून जाताना दिसली आहे. शेतात दोघी बहुधा एकमेकींना सांभाळून राहतात, आणि दोन्ही वापरायला माझी हरकत नाही. एवढंच लक्षात ठेवा की तिला तुमच्या पिकाशी मैत्री करायची नसते, तिला खायला हवं असतं.

मग मित्र कोण आणि शत्रू कोण हे मूळ स्वतः कसं ठरवतं, हे समजून घेणं यादीपेक्षा जास्त कामाचं आहे. मला या विषयात सगळ्यात जास्त ओढ आहे ती इथेच, त्यामुळे जरा रेंगाळते.

जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) कमी पडला की मूळ स्ट्रायगोलॅक्टोन नावाची द्रव्यं मातीत सोडतं. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी लोटस जॅपोनिकस या लहानशा द्विदल रोपाच्या मुळांतून असं एक द्रव्य वेगळं काढलं आणि दाखवलं की त्याच्या अगदी अत्यल्प प्रमाणानेही मायकोरायझाच्या तंतूंना भराभर फांद्या फुटतात. या गटातलं द्रव्य १९६६ पासून माहीत होतं, पण वेगळ्याच कारणाने: मुळांवर जगणाऱ्या स्ट्रायगा या परोपजीवी तणाचं बी त्याच्यामुळे रुजतं. म्हणजे मुळाने मदतीसाठी मारलेली हाक लुटायला बसलेल्यालाही ऐकू जाते.

हाकेला उत्तर येतं तेव्हा ओळखीचा प्रश्न उभा राहतो. बुरशी मित्र असो की शत्रू, तिची पेशीभित्तिका कायटिन नावाच्या द्रव्याचीच असते. ढोबळमानाने सांगायचं तर कायटिनचे लांब तुकडे मुळाला लागले की त्याचा बचाव जागा होतो, आणि चार-पाच कड्यांचे आखूड तुकडे किंवा स्निग्धाम्लाची शेपटी जोडलेले तुकडे आले की सहजीवनाची तयारी सुरू होते. हे दोन्ही ओळखणारे ग्राहक रेणू एकाच कुळातले आहेत. इतक्या बारीक फरकावर सगळा खेळ आहे.

पुढे जे होतं ते मेडिकॅगो या द्विदल रोपात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं गेलं आहे. मायकोरायझाचा तंतू मुळाच्या सालीला टेकतो आणि तिथे थोडा चपटा होऊन चिकटून बसतो. तो अजून आत शिरलेलाही नसतो, तेवढ्यात खालच्या पेशीतलं केंद्रक आपली जागा सोडून त्या टेकलेल्या जागेखाली येतं. मग ते पेशीच्या पलीकडच्या टोकाकडे सरकू लागतं आणि त्याच्या मागे पेशीद्रवाचा एक बोगदा तयार होत जातो. काही तासांत बोगदा पुरा होतो, आणि त्यानंतरच तंतू आत येऊन त्या वाटेने पुढे जातो. वाट झाडाने केलेली असते. मुळं कुजवणारी बुरशी अशी थांबत नाही, ती विकरं सोडून भित्तिका विरघळवत आत घुसते.

तरीही मैत्रीचं चित्र फार गोड रंगवायला नको. मायकोरायझाची बुरशी एसपी ७ नावाचं एक प्रथिन पेशीच्या केंद्रकापर्यंत पाठवते आणि झाडाचा बचाव मंद करते, हे २०११ मध्ये समोर आलं. रोगकारक बुरशींची हीच रीत आहे.

द्विदल पिकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी मुलीला सांगितलीत तर तिला आवडेल. १९८९ मध्ये वाटाण्याच्या अशा रोपांची नोंद झाली ज्यांच्या मुळांवर रायझोबियमच्या गाठी येत नव्हत्या. पाहिलं तर त्यातल्या बऱ्याच रोपांत मायकोरायझाही शिरत नव्हती. गाठींचे जिवाणू आणि ही बुरशी, दोघांनाही आत घेणारी यंत्रणा बऱ्याच अंशी एकच निघाली. बुरशीशी झालेला करार जुना आहे. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी इथल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती-जीवाश्मांत तिच्या खुणा सापडतात. द्विदल वनस्पती त्याहून पुष्कळ अलीकडच्या, आणि त्यांनी जिवाणूंसाठी तीच जुनी वाट वापरायला घेतली. एक अपवाद मात्र आहे: ल्युपिन हे द्विदल असूनही मायकोरायझाला जवळपास थारा देत नाही.

आता देवाणघेवाण. मुळाभोवती मिलिमीटर-दोन मिलिमीटर अंतरातला स्फुरद लवकर संपतो, कारण तो मातीत फारसा सरकतच नाही. बुरशीचे तंतू त्यापलीकडे कित्येक सेंटिमीटर जाऊन तो आणतात. नत्र स्थिर करणाऱ्या गाठींना ऊर्जा फार लागते आणि त्यासाठी स्फुरद लागतो, म्हणून कडधान्यांना ही मदत विशेष मोलाची. त्या बदल्यात झाड आपण तयार केलेल्या अन्नातला साधारण ४ ते २० टक्के भाग बुरशीला देतं, त्यात साखर आहे आणि स्निग्धाम्लंही आहेत, कारण ही बुरशी स्वतःची स्निग्धाम्लं शून्यापासून बनवू शकत नाही. २०११ मधल्या प्रयोगांत मेडिकॅगोने जास्त स्फुरद देणाऱ्या बुरशीला जास्त अन्न दिलं आणि हात आखडणाऱ्या बुरशीला कमी.

आणि मातीत स्फुरद मुबलक असेल तर? मग झाड हाकच कमी मारतं. बुरशी आत आली तरी तिचा फायदा कमी आणि खर्च जास्त. कोवळ्या रोपांची वाढ मायकोरायझामुळे थोडी खुंटल्याच्या नोंदीही अशाच परिस्थितीतल्या आहेत. म्हणून मी ‘चांगली बुरशी’ असं एका दमात म्हणत नाही. कोणत्या जमिनीत, कोणत्या वेळी, कोणत्या पिकाबरोबर, हे आधी सांगावं लागतं.

इथून तुमच्या तुकड्याकडे येऊ. वाळायला लागलेली पण पूर्ण न वाळलेली काही झाडं पट्ट्याच्या कडेने निवडा. ओढून उपटू नका, खुरप्याने किंवा कुदळीने माती सैल करून मुळासकट काढा, नाहीतर महत्त्वाचा पुरावा मातीतच राहतो. पाण्यात हलवून मुळं धुवा. बाहेरून नीट पाहा, मग धारदार पात्याने मूळ आणि बुंधा उभा चिरा.

मूळ बाहेरून धडधाकट, पण चिरल्यावर मध्यभागी उभी तपकिरी-काळी रेघ दिसली, आणि झाडाचे देठ-पानं सगळीच माना टाकून लोंबत असतील, तर ती मर. सोटमूळ काळपट, कोरडं, काडीसारखं कटकन मोडणारं, केशमुळं जवळजवळ झडलेली, आणि साल सोलल्यावर आत काळे बारीक ठिपके, तर ती कोरडी मूळकुज. ही बहुधा फुलं-घाटे धरायच्या सुमाराला, ऊन तापून तिशी ओलांडल्यावर आणि जमिनीत ओल कमी पडल्यावर जोर करते. झाड गवतासारखं पिवळसर होऊन वाळतं. आणि रोपं लहान असतानाच जमिनीलगतचा बुंधा कुजला, त्यावर पांढऱ्या तंतूंची जाळी आणि मोहरीएवढे गोल दाणे दिसले, तर ते स्क्लेरोशियम या बुरशीचं काम. ओली जमीन आणि न कुजलेला काडीकचरा तिला मानवतो.

तुमचे पांढरे तंतू या शेवटच्या प्रकारातले असू शकतात. पण दाणे नसतील आणि तंतू मुळावर नसून आजूबाजूच्या काडीकचऱ्यावर असतील तर तो कचरा कुजवणारी साधी बुरशी असेल, तिला कुणी हात लावायची गरज नाही. मायकोरायझा मात्र ती नव्हे. तिचे तंतू इतके बारीक असतात की मुळाच्या आत ती आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

हे ओळखणं का महत्त्वाचं, ते भाऊजींनाही पटेल. मर लागलेल्या झाडात बुरशी पाणी वाहणाऱ्या नळ्यांत बसलेली असते, आळवणीने ते झाड परत येत नाही. तिचे जाड भिंतीचे बीजाणू पीक नसतानाही मातीत सहा-सहा वर्षं टिकतात, आणि सगळ्या रानाला एकदा औषध पाजून ते संपत नाहीत. शिवाय सुक्याबरोबर ओलंही जळतं. बेनोमिल हे बुरशीनाशक संशोधक कित्येक वर्षं प्रयोगांत मुद्दाम मायकोरायझा दाबायला वापरत आले आहेत, आणि बेनोमिलचं मातीत कार्बेन्डाझिम या दुसऱ्या बुरशीनाशकातच रूपांतर होतं. ट्रायकोडर्मालाही कार्बेन्डाझिम सोसत नाही. पाणी साचणाऱ्या जागी वाटाण्यासारखी पिकं कुजवणारे ॲफॅनोमायसिस किंवा फायटॉप्थोरा यांची गोष्ट आणखी निराळी. ते खऱ्या अर्थाने बुरशीच नव्हेत. फायटॉप्थोरावर चालणारं मेटालॅक्झिल हे औषध फ्युजेरियमवर चालत नाही. त्यामुळे ‘बुरशीनाशक’ एवढंच लेबल वाचून आळवणी करण्यात पैसा जातो आणि रोग तिथेच राहतो.

मर निघाली तर सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे मर-प्रतिकारक वाण. मात्र हरभऱ्याच्या मर बुरशीचे आठ उपप्रकार नोंदलेले आहेत, आणि एका भागात टिकलेलं वाण दुसरीकडे बळी पडतं ते त्यामुळे. तुमच्या जवळपासच्या रानांत गेली काही वर्षं कोणतं वाण उभं राहिलं, ही चौकशी जाहिरातीपेक्षा मोलाची. त्या तुकड्यात काही वर्षं हरभरा थांबवून तृणधान्य घ्या. बुरशी पूर्ण जाणार नाही, पण तिचं प्रमाण वाढायचं थांबेल.

कोरडी मूळकुज निघाली तर फेरपालटावर फार भिस्त ठेवू नका, कारण ती बुरशी पाचशेहून अधिक वनस्पतींवर जगू शकते. तिथे लवकर तयार होणारं वाण घ्या, वेळेवर पेरणी करा म्हणजे घाटे भरताना कडक उन्हाची गाठ पडणार नाही, आणि जमीन पार कोरडी पडायच्या आत एक हलकं पाणी द्या. स्क्लेरोशियम निघाली तर मागच्या पिकाचा काडीकचरा आणि अर्धवट कुजलेलं शेणखत पेरणीच्या थरात ठेवू नका, आणि वाफसा आल्याशिवाय पेरू नका. तुकडा लहान असेल आणि कडक उन्हाळा मिळत असेल तर ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरून माती तापवण्याचाही उपाय आहे. मोठ्या रानाला तो झेपत नाही.

बीजप्रक्रिया तिन्ही बाबतीत करा. आधी ट्रायकोडर्मा, शेवटी रायझोबियम, दोन्ही पाकिटावरच्या प्रमाणात. बी सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. ट्रायकोडर्मा लावलेल्या बियाला वरून कार्बेन्डाझिम चोळायचं नाही. बऱ्याच घरांत दोन्ही एकत्र करतात, कुणी तरी ‘दुहेरी संरक्षण’ म्हणून सांगितलेलं असतं. त्यात मित्रबुरशी पेरणीच्या आधीच मरते.

आता मुलीने आणलेली पाकिटं. मायकोरायझा पिकाचं संरक्षण करते हे खरं आहे. मुळात आधीपासून वसलेली असेल तर ती रोगकारक बुरशीला जागा आणि अन्न कमी मिळू देते, झाडाचा बचाव सज्ज ठेवते. पण ‘आधीपासून’ हा शब्द सोडून चालत नाही. रोग लागल्यावर टाकलेली मायकोरायझा औषधाचं काम करत नाही. दुसरं, ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढवता येत नाही, म्हणून दर्जेदार संवर्धक बनवणं अवघड आहे, आणि बाजारातल्या अनेक उत्पादनांत जिवंत बुरशी पुरेशी नसते हे स्वतंत्र तपासण्यांत आढळलं आहे.

म्हणून आधी माती तपासून घ्या. स्फुरद भरपूर निघाला तर पाकिटं वापरण्यात अर्थ नाही, आणि स्फुरदयुक्त खताचा हातही आखडता घ्या. स्फुरद कमी किंवा मध्यम असेल तर पाकिटं वापरा, पण सगळीकडे फेकून नव्हे, बियाजवळ पडेल अशी. शेजारी-शेजारी काही ओळी मायकोरायझासह आणि काही तिच्याशिवाय ठेवा, खुंट्या रोवून खूण करा. मुलीच्या महाविद्यालयात सूक्ष्मदर्शक असेलच. तिला सांगा की दोन्हीकडची बारीक मुळं कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात पारदर्शक होईपर्यंत उकळायची, धुवायची, आणि व्हिनेगरमध्ये थोडी काळी शाई घालून त्यात रंगवायची. बुरशी आत असेल तर ती रंग धरते आणि पेशींमध्ये झाडाच्या आकाराच्या तिच्या फांद्या दिसतात. कॉस्टिक हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

तुमच्या जमिनीत मायकोरायझा आधीपासून असण्याची शक्यताही दांडगी आहे. मग ती टिकवणं हे आणून टाकण्यापेक्षा सोपं. सारखी खोल नांगरट तिच्या तंतूंचं जाळं तोडते. जमीन फार काळ मोकळी राहिली तर तिला जगायला मूळच मिळत नाही. ऑस्ट्रेलियात लांब पडीक ठेवलेल्या जमिनींत पुढचं पीक स्फुरद आणि जस्ताविना खुंटतं, त्यामागे हेच कारण सापडलं. मोहरी, कोबी, पालक, बीट ही पिकं तिला थारा देत नाहीत. ज्वारी-मक्यासारखं तृणधान्य देतं. म्हणजे मरीसाठी सुचवलेला फेरपालट मायकोरायझालाही मानवतो. भाऊजींचा आणि मुलीचा वाद निदान इथे तरी एकाच कामावर येऊन मिळतो.

राहिला बियाण्याचा प्रश्न. मर असेल तर या तुकड्यातलं बी ठेवू नका. मर बुरशी बियाच्या नाळेजवळच्या भागात बसून येते, वरून बी अगदी निरोगी दिसतं, आणि ज्या रानात आजवर मर नव्हती तिथे ती अशा बियाबरोबर पोचते. खायला किंवा विकायला तो हरभरा चालेल. पेरायला मर न दिसलेल्या रानातलं किंवा प्रमाणित बियाणं आणा. वाळलेली झाडं मुळासकट काढून जाळा, खतखड्ड्यात टाकू नका, नाहीतर शेणखताबरोबर तीच बुरशी चांगल्या रानात जाईल. आणि मशागत करताना हा तुकडा सगळ्यात शेवटी घ्या, अवजारांची माती तिथेच झटकून, धुऊन मग दुसरीकडे न्या.